थकबाकी, थकीत की देणे? कार्डाच्या बिलावर कोणता शब्द बरोबर

वाशिष्ठीकाठ
आमच्या गुहागर तालुक्यातल्या बचत गटांसाठी क्रेडिट कार्डावर चारपानी पत्रक मराठीत करते आहे. गटातल्या बऱ्याच जणींच्या मुलांनी मुंबई-पुण्यात नोकरी लागताच कार्डं घेतली, आणि आता वसुलीचे फोन गावी आईला येतात. म्हणून हे पत्रक.

अडचण अशी. इंग्रजी मसुद्यात 'आउटस्टँडिंग' आणि 'ओव्हरड्यू' हे दोन वेगळे शब्द आहेत. कार्डावर आजघडीला जे काही देणे आहे, ज्याची तारीख अजून यायची आहे तेसुद्धा, ते पहिल्यात येते. दुसऱ्यात फक्त तारीख उलटूनही न भरलेले. बँकांच्या मराठी मेसेजमध्ये मात्र दोन्हींना सर्रास 'थकबाकी' म्हटलेले दिसते. आमच्याकडच्या एका बाईंना 'आपली थकबाकी 18,400 रुपये' असा मेसेज आला. भरायची तारीख अजून पुढच्या आठवड्यात होती. पण त्या इतक्या घाबरल्या की गळ्यातली चेन गहाण टाकायला निघाल्या.

मी पहिल्याला 'एकूण देणे' आणि दुसऱ्याला 'थकीत' असे केले. गटाच्या सचिव म्हणतात 'थकीत' नको, थकीत म्हणजे बुडवलेले. तुम्ही काय वापराल?

हिशेबनीस
ताई, तुमचेच बरोबर आहे. माझी उभी नोकरी पतसंस्थेत गेली. आमच्या पत्रकात 'येणे बाकी' आणि 'थकबाकी' हे रकाने कायम वेगळे असत. वाटलेल्या कर्जातले अजून यायचे ते येणे बाकी. त्यातला जो हप्ता तारखेला आला नाही तेवढीच थकबाकी. संस्थेचे येणे ते सभासदाचे देणे. बँकेला मेसेज पाठवायचाच असेल तर 'आपले एकूण देणे' म्हणावे.

सचिवबाईंना तो शब्द कडक का वाटतो तेही सांगतो. सहकारात 'थकबाकीदार' हा शिक्का साधा नाही. थकबाकीदाराला संचालक मंडळाची निवडणूक लढवता येत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला निघाला की प्रकरण जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसुलीला जाते. गावात त्याची दवंडी लागते ती वेगळीच. म्हणून लोक या शब्दाला घाबरतात, आणि म्हणूनच तो उगाच कोणाला लावू नये.

शुद्धबीज
'थकबाकी' मुळातच धेडगुजरी शब्द आहे. अर्धा देशी, अर्धा अरबी. पत्रक नव्याने करताच आहात तर चांगले मराठी शब्द रुजवा. एकूण रकमेला 'ऋणशेष' आणि तारीख उलटलेल्याला 'अतिदेय'. अर्थाचा घोळ उरणार नाही.

आंबेराई_देवगड
भाऊ, 'अतिदेय' हिंदी बँकांच्या कागदावरून आलाय. माझ्या आईला तो ऐकून भरपूर दान द्यायचंय असं वाटेल. आणि अरबी काढायचंच म्हटलं तर कर्ज, मुदत, वसुली, तगादा, वायदा हे सगळेच जातील. मग आमच्या वहीत राहील काय?

शुद्धबीज
रुळलेले राहू देत, माझे म्हणणे तेवढे टोकाचे नाही. पण जिथे एकच शब्द दोन अर्थांनी वापरून लोकांचे नुकसान होते आहे, तिथे नवा शब्द घडवायला हरकत काय? भाषेने ते काम नेहमी केले आहे. 'तारण' आणि 'विनातारण' आज कोणाला जड वाटतात?

कुडाळी_काउंटर
बँकेत कार्ड विभाग पाहिला आहे, म्हणून थोडे लांबण लावतो. शब्द ठरवण्याआधी पायऱ्या बघा. एकाच कार्डावर किमान चार अवस्था आहेत आणि प्रत्येकीचा परिणाम वेगळा आहे.

समजा गणपतीच्या खरेदीचे 24,000 रुपयांचे बिल निघाले. भरायची तारीख येईपर्यंत ते नुसते देणे. व्याज नाही, दंड नाही, काही नाही. तारखेला पूर्ण भरले की विषय संपला.

दुसरी अवस्था सगळ्यात फसवी. बिलावर 'किमान देय' म्हणून 1,200 छापलेले असतात, तेवढेच भरले. आता तुम्ही थकबाकीदार नाही, विलंब शुल्कही नाही. पण बिनव्याजी मुदत गेली. उरलेल्या 22,800 वर महिन्याला साडेतीन टक्के धरले तरी 798 रुपये व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे साधारण 942. शिवाय व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून लागते. पुढच्या महिन्यातही पुन्हा 1,200 भरले तर मुद्दलात जेमतेम अडीचशे जातात. या अवस्थेला मराठीत शब्दच नाही, आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकलेली मी पाहिली.

तिसरी, किमानही भरले नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे तारीख उलटून तीन दिवसांहून जास्त झाल्यावरच विलंब शुल्क लावता येते आणि सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीला थकीत म्हणून कळवता येते. दिवस मात्र मूळ तारखेपासूनच मोजतात. शुल्क राहिलेल्या रकमेवरच, पूर्ण बिलावर नाही. चौथी, किमान रक्कम 90 दिवसांत पूर्ण आली नाही की खाते अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या लेखी वसुली अडकलेले.

माझ्या मते तिसरीला 'थकीत' आणि चौथीला 'बुडीत खाती जाण्याच्या वाटेवर'. सचिवबाई तिसरी आणि चौथी एकच समजत आहेत.

वाशिष्ठीकाठ
काका, हे तर मी पत्रकात जसेच्या तसे घेणार. दुसऱ्या अवस्थेसाठी 'रेंगाळलेले देणे' चालेल का?

कुडाळी_काउंटर
चालेल. 'लांबवलेले' जास्त नेमके वाटते, कारण ते आपण होऊन लांबवतो.

मालवणी_रापण
आमच्याकडे 'देवचे रवले' म्हणतत. धा रुपये देवचे रवले, म्हणजे द्यायचे राहिले. तारीख उलटली की नाही ह्याचो त्यात काय संबंध नाय. आजी तर कर्जाक सरळ 'रीण' म्हणायची. थकलो तो माणूस, पैसो थकत नाय, असा तिचा म्हणणा.

आंबेराई_देवगड
आजींचं पटलं. पण घरपट्टी थकतेच की सगळीकडे.

मला दुसरीच शंका आहे. भावाला मेसेज आला, 'कृपया आपले देणे त्वरित चुकवा'. आता चुकवणे म्हणजे टाळणे. नजर चुकवणे, करचुकवेगिरी. बँक स्वतःच पैसे टाळायला सांगते आहे का? हे हिंदीचं 'चुकाना' आहे, मराठीत हे नकोच.

हिशेबनीस
अर्धे बरोबर. 'हिशेब चुकता केला' हे आपल्या दुकानदारांच्या तोंडी पिढ्यान्पिढ्या आहे, ते हिंदीचे नव्हे. 'चुकता करणे' म्हणजे पुरा देणे, 'चुकवणे' म्हणजे टाळणे, आणि 'हप्ता चुकला' म्हणजे भरायचा राहिला. एकाच धातूची तीन तोंडे. तुम्ही म्हणता तो मेसेज मात्र चूकच. 'किंमत चुकवावी लागली' हेही तसलेच. आपण किंमत मोजतो.

शुद्धबीज
म्हणजे इथे तुम्हाला शुद्धी हवी आहे आणि थकबाकीत नको?

हिशेबनीस
अहो, मला अर्थ हवा आहे. 'थकबाकी'चा अर्थ पतसंस्थेच्या दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळतो. 'चुकवा'चा उलटा कळतो. फरक तेवढाच.

आंबेराई_देवगड
खरं तर आमच्या धंद्यात या सगळ्याला छान शब्द आहेत. वाशीच्या दलालाकडून हंगामाआधी 'उचल' घ्यायची, खतं-फवारणी करायची. पेट्या गेल्या की पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येते, त्यात उचल 'वळती' केलेली, म्हणजे कापून घेतलेली, असते. सगळी वळती झाली की उचल 'फिटली'. यंदा आंबा कमी आला तर ती पुढच्या हंगामावर जाते, पण 'थकली' असं कोणी म्हणत नाही, कारण दलालालाही माहीत असतं की मोहोर आपल्या हातात नाही.

कार्ड तसं थांबत नाही, आणि हेच आमच्या लोकांना कळत नाही. मार्चात औषधं कार्डावर घेतली, पट्टी मे-जूनमध्ये आली, मधले दोन महिने व्याज चढत राहिलं. ताई, हे पत्रकात नक्की घाला. उचल म्हणून कार्ड वापरू नका.

मालवणी_रापण
खलाशांचा पण तसाच. 1 ऑगस्टाक मासेमारीची बंदी उठता, त्याच्या आधी खलाशी मालकाकडून उचल घेतत आणि मग पगारातून वळती जाता.

दाभोळची_लेक
मध्येच विचारते. माझ्या मामेभावाचं कार्ड खरंच थकीत आहे, चौथ्या अवस्थेत. वसुलीवाले म्हणतात सातबारावर बोजा चढवू, पोलीस पाठवू. हे खरं का?

कुडाळी_काउंटर
ताई, कार्डाचे कर्ज विनातारण. बोजा आपोआप चढत नाही. बँकेला दिवाणी दावा लावून हुकूमनामा घ्यावा लागतो. नुसते पैसे भरता आले नाहीत हा फौजदारी गुन्हा नाही, पोलीस त्यासाठी येत नाहीत. वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करता येत नाहीत. धमकी आली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

तडजोड करायला सांगतील तेव्हा एक लक्षात ठेवा. कमी रकमेत मिटवले तर पतअहवालात खाते 'सेटल्ड' दिसते, पूर्ण भरले तर 'क्लोज्ड'. पुढे घरकर्जाला त्याचा फरक पडतो. जे ठरेल ते लेखी घ्या आणि मगच पैसे भरा.

दाभोळची_लेक
मनापासून आभार. आजच त्याला वाचून दाखवते.

शुद्धबीज
बघा, 'सेटल्ड'लाही मराठी नाही. 'तडजोडीने मिटले' आणि 'पूर्ण फिटले' असे लिहिले तर फरक शब्दातच दिसेल.

आंबेराई_देवगड
हे मात्र झकास. 'फिटले' आमच्या पट्टीतूनच घेतलात!

हिशेबनीस
शुद्धबीज, ही जोडी मलाही मान्य.

आता व्याजाचे निघालेच आहे म्हणून. संस्कृतात 'व्याज' म्हणजे मिष, कपट. निर्व्याज प्रेम, व्याजस्तुती यांत तोच अर्थ. मग पैशाच्या वाढीला तो कसा चिकटला? आणि जुन्या हिंदू कायद्यात 'दामदुप्पट' होते, व्याजाची बाकी एका वेळी मुद्दलापेक्षा वर जाऊ द्यायची नाही. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी ते मानले. कार्डाच्या व्याजाला ग्राहक आयोगाने 2008 मध्ये वर्षाला 30 टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केली. म्हणजे आज तो बांध नाही.

शुद्धबीज
कपटाशी संबंध मला ओढूनताणून वाटतो. रूप एक म्हणून अर्थ एक असे होत नाही. मिष म्हणून घेतलेली जादा रक्कम, असा प्रवास असेल तर त्याला जुन्या कागदांत आधार दाखवा.

हिशेबनीस
घरी आजोबांची मोडीतली खतावणी आहे. तिच्यात 'वाढ' आणि 'व्याज' दोन्ही वेगळे लिहिलेले आठवतात. 'वाढ' बहुधा धान्याच्या कर्जावरची. उद्या काढून बघतो.

मालवणी_रापण
भाताची वाढ म्हणजे 'वाडी-दिडी' काय? आमच्याकडे जुनी माणसा तसा म्हणत.

हिशेबनीस
दिडी म्हणजे दीडपट परत, ते बरोबर. 'वाडी' तुमच्या भागात नेमके किती पट धरत?