गुन्हा फक्त आई-बापावरच का?
मुलांच्या अपघातांवरच्या या चर्चेत एकाने म्हटलंय की पोर पाण्यात बुडून किंवा खिडकीतून पडून गेलं तर सरळ आई-बापावर गुन्हा दाखल करा. उघड्या खिडकीपाशी मूल सोडून बाहेर जाणाऱ्यांबद्दल मला ते मान्य आहे. बांधकामावरच्या मजुरांना तोच न्याय लावणं मात्र मुळीच पटत नाही. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यातलं (तो 2025 पर्यंत लागू होता) कलम 35 इथे कुणी काढलंच नाही. 50 हून जास्त बायका कामाला असतील, तिथे त्यांच्या 6 वर्षांखालच्या मुलांसाठी खोली आणि मुलं सांभाळण्याचं प्रशिक्षण घेतलेली बाई ठेवायची, असं त्यात होतं. म्हणजे 50 बायकांपर्यंत त्या कलमात काहीच नव्हतं.

पुण्यात मी सुपरवायझर होतो, त्या साइटवर चाळीसेक बायका. सात वर्षांची एक पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन दिवसभर फिरायची. लिफ्टच्या खड्ड्यात कमरेएवढं पावसाचं पाणी. वर फळ्या टाका, असं मी तीनदा सांगितलं. त्या सेंट्रिंगला (स्लॅब ओतायच्या साच्याला) लागतात, हे उत्तर. एका दुपारी तो भाऊ त्यात बुडून गेला. आई तेव्हा तिसऱ्या मजल्यावर घमेली वाहत होती. पंचनाम्यात 'पालकांचे दुर्लक्ष' आलं, उघड्या खड्ड्याबद्दल एक शब्द नाही. खाली सही माझीही आहे.