पर्मनंट सोडून कॉन्ट्रॅक्टवर जावं का? आयटीवाल्यांनो जरा हिशोब तपासून द्या

नमस्कार मंडळी,

हिंजवडीत एका सर्व्हिस कंपनीत आहे, जावा बॅकएंड, अनुभव दहा वर्षांच्या आसपास. पॅकेज २४ लाख, म्हणजे त्यात कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल सगळं घुसडून २४, हातात पडतात महिन्याला एक लाख पस्तीस-चाळीस हजार. आता एका प्रॉडक्ट कंपनीकडून कन्सल्टंट म्हणून ऑफर आलीये, महिना पावणेतीन लाख अधिक जीएसटी, मधे स्टाफिंगवाला कोणी नाही, थेट इनव्हॉइस द्यायचा. करार एक वर्षाचा, दोन्हीकडून ३० दिवसांची नोटीस, सुट्टी घेतली की त्या दिवसाचे पैसे गेले.

वर्षाचे ३३ लाख होतात. २० लाखांच्या वर बिलिंग म्हणून जीएसटी नंबर घ्यावा लागेल, पण तो १८ टक्के आपण गोळा करून भरायचा, त्यात आपलं काही नाही. ते १० टक्के टीडीएस कापणार. आयकराच्या ४४एडीए कलमाखाली बिलिंगच्या निम्मंच उत्पन्न धरलं तर १६.५ लाखांवर नव्या रिजीममधे टॅक्स साधारण १ लाख ३५ हजार येतो, म्हणजे आत्ता कमी पगारावर जो कापला जातो त्याहून कमी! इथंच मला शंका येते, इतकं गोड असेल तर सगळेच का नाही जात.

अडचणी अशा की बाबांना डायबेटीस आहे, एक स्टेंटपण बसवलाय, ते माझ्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममधे आहेत. पुढच्या वर्षी पुनावळ्याला फ्लॅट बघतोय, त्याला लोन लागणार. आणि इथं पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने राहिलेत, बेसिक एक लाख आहे म्हणजे ग्रॅच्युइटीचे २ लाख ८८ हजार हातचे जातात. घरी विचारून उपयोग नाही, सासऱ्यांना कॉन्ट्रॅक्ट म्हटलं की रस्त्याचं टेंडरच आठवतं. तर या ३३ मधून काय काय वजा करून मग २४ शी तुलना करायची, कोणी खरंच असं काम केलेलं असेल तर सांगा.

रिकामटेकडा कोडर: ४४एडीए वर उड्या मारण्याआधी करार नीट वाच. नऊ ते सहा हजेरी, त्यांचाच मॅनेजर, रजा मंजूर करून घ्यायची, दुसरं काम घ्यायचं नाही असं लिहिलं असेल तर उद्या टॅक्सवाले म्हणतील की ही सरळ नोकरीच आहे आणि हा पगार आहे, मग निम्मं-बिम्मं काही नाही. सीएला करार दाखव, नुसता आकडा नको. बाकी मी ३३ ला कधीच ३३ धरत नाही, वर्षाला दहाच महिने बिल होणार असं धरतो, एक महिना सुट्ट्या-आजारपण, एक महिना दोन कामांच्या मधला. म्हणजे २७.५. त्यातून पीएफचे दोन्ही हिस्से स्वतःच बाजूला टाकायचे, मेडिक्लेम स्वतःचा, वर सीएची फी. उरलेला फरक बघ, मग ठरव. आणि हो, अ‍ॅडव्हान्स टॅक्स १५ मार्चच्या आत भरायचा, विसरलास तर व्याज.

सातारची सून: दादा, सगळ्यात आधी बाबांचं बघा, पैशाचं नंतर. नवीन पॉलिसीत जुन्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षांचं वेटिंग लावता येतं, स्टेंट ऐकून काही कंपन्या सरळ नाही म्हणतात. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आधीची वर्षं वेटिंगमधे धरतात, पण तेही तपासणी करून ठरवतात म्हणून राजीनाम्याच्या आधीच अर्ज करा, हातात पॉलिसी आली की मगच मेल टाका. लोनचं म्हणाल तर आमच्या ह्यांना बँकेने दोन वर्षांचे आयटीआर मागितले होते, कन्सल्टंट झाल्याला वर्षच झालेलं, त्यामुळे माझ्या पगारावर घ्यावं लागलं.

रिकामटेकडा कोडर: ग्रॅच्युइटीला तर सोपं आहे राव, तुझी नोटीस ९० दिवसांची असेल ना? नोटीस पिरियड सर्व्हिसमधेच धरतात, त्यामुळे शेवटचा दिवस पाच वर्षांच्या पुढे जाईल असा हिशोब करून राजीनामा टाक. फक्त त्यांनी लवकर सोडलं तर बोंब.

धागाकर्ता: नोटीस ९० च आहे, हे डोक्यातच नव्हतं, धन्यवाद. करारात हजेरीचं आणि दुसरं काम न घेण्याचं दोन्ही कलम आहेत, ते काढायला सांगतो, बघू काय म्हणतात. बायकोची नोकरी पर्मनंट आहे, लोन तिच्या नावावर बसेल बहुतेक. आता एकच, लवकर रिलीव्ह करू नका असं एचआरकडून लेखी घेता येतं का? कोणी घेतलंय का, आणि त्यांना वास न लागता कसं विचारलं?