'वार' की 'अपरा'? आणि 'अवरोध' हा शब्द चालेल का?

प्रश्न : गरोदर बायकांसाठीच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करते आहे. विषय : मॉर्फिन, पेथिडीन, फेंटानिल अशी ओपिऑइड वेदनाशामकं आईकडून पोटातल्या बाळाकडे कशी जातात. 'प्लासेंटा'ला अपरा म्हणू की वार? 'प्लासेंटल बॅरियर'साठी 'अपरा-अवरोध' सुचवला गेलाय.

उत्तर : वार लिहा. अपरा पाठ्यपुस्तकात शोभतो. बाळंतिणीच्या खोलीत 'वार पडली का?' असंच विचारतात. मात्र वार आणि नाळ यांची गल्लत नको. वार गर्भाशयाला चिकटलेली असते, नाळ तिच्यापासून बाळाच्या बेंबीपर्यंत जाते. 'औषध नाळ ओलांडते' असं छापलेलं दिसतं, ते चूक. ओलांडायची ती वार, नाळ नुसती वाट.

'अवरोध' मात्र मुळीच नको. तो वाचून बाई समजेल की वार औषध अडवते, आणि इथे तर नेमकं उलटं घडतं. आई आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही हे खरं, पण मधला पडदा फार पातळ असतो. साधारण 500 पेक्षा कमी रेणुभाराची, मेदात विरघळणारी औषधं तो सहज पार करतात. पेथिडीनचा रेणुभार 247, मॉर्फिनचा 285, फेंटानिलचा 336. हेपारिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा रेणू मोठा, म्हणून ते अडतं. हे घडतं साध्या विसरणाने : आईच्या रक्तात औषध जास्त, बाळाच्या रक्तात कमी, म्हणून ते तिकडे सरकतं. शिवाय बाळाचं रक्त आईच्या रक्तापेक्षा किंचित आम्लधर्मी असतं. ही औषधं सौम्य आम्लारी (आम्लाच्या उलट गुणाची), त्यामुळे तिकडे गेल्यावर त्यांचं आयनीभवन वाढतं, म्हणजे रेणूंवर विद्युतभार येतो, आणि परत येणं अवघड होतं. बाळ पोटात गुदमरत असेल तर आम्लता आणखी वाढते आणि औषध अधिकच अडकतं.

पेथिडीनच्या इंजेक्शननंतर दोन-तीन तासांत बाळंतपण झालं तर बाळाचा श्वास मंदावण्याचा धोका जास्त, हे पत्रकात हवंच. त्याचं शरीरात बनणारं नॉरपेथिडीन नवजाताच्या अंगात कित्येक दिवस राहतं, त्यामुळे बाळ सुस्त राहतं, नीट दूध ओढत नाही.

प्रश्न : 'ओपिऑइड'साठी 'अफूजन्य' लिहू?

दुसरं उत्तर : मॉर्फिन, कोडीन अफूपासून मिळतात, त्यांना चालेल. पेथिडीन, फेंटानिल प्रयोगशाळेत बनतात. सगळ्यांना मिळून 'अफूवर्गीय' म्हणा. आणि कळकळीची विनंती : 'व्यसनी बाळ' कुठेही लिहू नका. आईने गरोदरपणात बराच काळ ही औषधं घेतली तर जन्मानंतर बाळाचा पुरवठा एकदम थांबतो. ते थरथरतं, सारखं कर्कश रडतं, पाजताना नीट ओढत नाही. त्याला त्या औषधाची सवय झालेली असते. व्यसन म्हणजे वेगळं. 'औषध तुटल्याची लक्षणं' लिहा, आणि लगेच खाली ठळक अक्षरांत : गरोदर बाईने हे औषध स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये, डॉक्टरांना विचारूनच कमी करावं.