हिरोला जीप, सायकल फक्त पोदेराला

मांडवीकाठ (धागाकर्ता)
परवा इथेच गोव्याच्या सहलीचा एक वृत्तान्त आला. चार मित्र, भाड्याची उघडी जीप, मोरजीपासून काणकोणपर्यंत. शेवटची ओळ होती, "पेट्रोलचा वास हाच स्वातंत्र्याचा वास." खाली सगळे "क्या बात, क्या बात". मी तिथे चार ओळी लिहायला बसलो, त्या वाढत गेल्या, म्हणून वेगळा धागा काढतोय.

हा वास आपल्या नाकात सिनेमाने भरलाय. 1973 ला 'बॉबी' आला आणि त्यातली राजदूतची ती छोटी जीटीएस 175 मोटरसायकल लोकांच्या तोंडी 'बॉबी'च झाली. 2001 ला तिघे दोस्त टप उघडलेल्या मर्सिडीजमधून मुंबईहून गोव्यात उतरले, शापोऱ्याच्या किल्ल्यावर बसले, आणि तो किल्ला आदिलशहाचा, पोर्तुगिजांचा न राहता 'दिल चाहता है'चा झाला. माझं आजोळ शिवोलीला. डिसेंबरात मामाला मीठ आणायला म्हापशाला जायचं तर सकाळी सातच्या आत निघावं लागतं. नंतर सगळा रस्ता त्या एका फोटोच्या रांगेत उभा असतो.

सायकल दाखवतच नाहीत असं नाही. पोदेर येतो, पों पों करतो, मागे पावांची टोपली, झाला गोवा. हिरोला जीप, सायकल पोदेराला. आमच्या वाड्यावरचा पोदेर कित्येक वर्षं स्कूटरवरून येतो. एकदा शूटिंगवाल्यांनी त्याला कुठूनतरी जुनी सायकल आणून दिली आणि चारदा वळणावरून यायला लावलं. पाचव्यांदा चेन पडली. मग त्याने टोपली उचलली, स्कूटरला बांधली आणि उरलेले पाव वाटायला गेला.

पडद्यावर सिगारेट पेटली की 2012 पासून खाली पट्टी येते. मग नुसती हवा करायला इंजिन गुरगुरवणाऱ्या हिरोखाली का नको? आणि स्वच्छ विजेत नाट्य नसतं म्हणणाऱ्यांनी 'स्वदेस' पुन्हा पाहावा. गावकरी पाणी अडवतात, खाली टर्बाइन बसवतात, म्हातारीच्या घरात बल्ब लागतो. एवढंच. थिएटरात शेजारचा माणूस नाक पुसत होता. आपल्याच गोवारीकरांनी केलंय, तेही वाईजवळच्या मेणवलीत.

कोथरूडचा भटक्या
तो वृत्तान्त माझा. नाव घ्यायला लाज कसली वाटली? वर्षभर स्क्रीनपुढे मान मोडून चार दिवस सुट्टी मिळते, त्यात एक वाक्य जरा तरंगतं लिहिलं तर लगेच पट्टी? उद्या भजी तळताना पण पट्टी लावा, तेलाने हृदयविकार होतो. बाकी तुमच्या राज्यात एमएच 12 दिसली की नाक्यावर हात वर होतो, त्यावर धागा काढा, वाचायला येईन.

चार पाव
माझ्याकडे काळ्या पाटीच्या सात स्कूटर आहेत, भाड्याने देतो. त्यावर घर चालतं, बहिणीच्या लग्नाचं कर्ज फिटलं. तुमचा मामा म्हापशाला अडकतो त्याचं वाईट वाटतं, पण त्याच रांगेतल्या चार गाड्या माझ्या असतात. सिनेमाने गोव्याला ग्लॅमर दिलं नसतं तर आम्ही काय करायचं होतं, खाणीवर ट्रक चालवायचे? ते करून झालं. 2012 ला खाणी बंद झाल्या तेव्हा भावाचा ट्रक अंगणात दोन पावसाळे गंजत होता.

आंबाडे
धागाकर्त्याशी सहमत. बाहेर याचा हिशेब ठेवायला लागलेत. 2024 ला ऑस्करच्या नामांकनातल्या सिनेमांना एक साधी कसोटी लावली होती. गोष्टीत हवामानबदल आहे का, आणि एखाद्या तरी पात्राला तो ठाऊक आहे का? लागू होणाऱ्या 13 पैकी 3 पास झाले.

थर्माकोल
त्या तिघांत टॉम क्रूझचा 'मिशन इम्पॉसिबल' होता, तेही सांगा की. अख्खा सिनेमा मोटरसायकल, विमान, रेल्वे, नि कुणीतरी एकदा हवामानाचं बोललं की पास! आमच्या वेळी 35 ला पास करायचे, हे त्याहून स्वस्त.

मी सतरा वर्षं शूटिंगच्या लाइटवर काढली, त्यातली निम्मी गोव्यात. पडद्यावर काय दिसतं त्यावर भांडताय, मागे काय असतं ते ऐका. एकदा मांद्र्याच्या किनाऱ्यावर रात्रीचा सीन होता. हिरॉइन कंदील घेऊन वाळूतून चालते, गावात वीज गेलीय, समुद्राची गाज. त्या कंदिलाचा उजेड खरा वाटावा म्हणून आम्ही माडांच्या मागे 125 केव्हीएची जनरेटर व्हॅन रात्रभर चालवली. साउंडवाला दर टेकला ओरडायचा, "व्हॅन मागे घ्या." आम्ही केबल जोडत जोडत तिला पार गावातल्या देवळापर्यंत नेली. पहाटे पुजारीबाब आले नि विचारलं, उत्सव कुणाचा? किती डिझेल जळलं ते प्रॉडक्शनवाल्याला माहीत, पण दोनदा पिंप आलं होतं. सीन सिनेमात अकरा सेकंद आहे. मी मोजले.

घुमट
थर्माकोल, टाळ्या! आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकात मंडपामागचा जनरेटर हे कायमचं पात्र. ऐन स्वगतात बंद पडतो आणि नटाला टाळी मिळते.

अवांतर: हिंदी सिनेमातला सगळ्यांना आठवणारा पाठलाग बसंतीच्या टांग्याचा आहे. एक थेंब पेट्रोल नाही. 1975.

कोथरूडचा भटक्या
त्याच सिनेमात दोस्तीचं गाणं मोटरसायकलवर आहे. सोयीचं तेवढंच आठवतं का?

रातपाळी
मी इथे वाचायलाच येते, लिहीत नाही. आज लिहिते.

मी नर्स आहे. दुपारची ड्यूटी आठला संपते, हँडओव्हर धरून सव्वाआठ. पणजी स्टँडवरून माझ्या गावाकडची शेवटची बस साडेसातची. डिचोलीपर्यंत मिळाली तरी पुढचे सहा किलोमीटर काय करायचं? पहिलं वर्षभर भाऊ न्यायला यायचा. तो नसला की गावचा मासळीचा टेम्पो, पुढे ड्रायव्हरच्या बाजूला, पायाशी बर्फाचं पाणी. घरी गेल्यावर आई आधी चपला बाहेर ठेवायला सांगायची, मग जेव म्हणायची. सहा महिन्यांचे पैसे साठवून स्कूटर घेतली. शोरूममध्ये मी फक्त डिकीत रेनकोट आणि डबा दोन्ही मावतात का ते बघितलं. कुठला हिरो माझ्या डोळ्यापुढे नव्हता. पट्टी लावायचीच असेल तर बसस्टॉपवर लावा, 'साडेसातनंतर थांबू नये.'

मांडवीकाठ
ताई, तुमच्याबद्दल नव्हतंच लिहिलं. गरजेची गाडी वेगळी आणि मिरवायची वेगळी.

चार पाव
हे कोण ठरवणार? तुम्ही?

घुमट
रविवारी तर बस हा प्रकारच नाही. सासुरवाडीला साखळीला जायचं तर तीन बसा बदलायच्या, आणि प्रत्येकीत कंडक्टर "फुडें वच, फुडें वच". पुढे जागा असते कुठे, गिअरवर बसू?

जुना पायलट
बसचा विषय निघाला म्हणून. पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल-टॅक्सी तीस वर्षं चालवतो, म्हापसा मार्केटकडे स्टँड. साडेआठनंतर या ताईंसारख्यांना आम्हीच सोडत होतो, पावसात सुद्धा, उधारीवर सुद्धा. आता ज्याच्या त्याच्या दारात दोन स्कूटर. स्टँडवर आम्ही सतरा होतो, चार उरलो. सिनेमात पायलट बघितला का कधी? एकदाच एका शूटिंगला मला घेतलं. बाईंना स्टेशनवर सोडायचं, पैसे न घेता हसायचं. मी म्हटलं, पैसे का नाही घ्यायचे? म्हणे, गोव्याची माणसं अशीच असतात ना.

आंबाडे
विषयावर येऊ या का? पाहणी सांगते, गोव्यात 45 टक्के घरांत चारचाकी आहे, सगळ्या राज्यांत जास्त. एवढ्या गाड्या बसच्या अभावी आल्या असं म्हणणं भाबडेपणाचं आहे. आपल्याकडे गाडी ही ऐपत आहे आणि ती ऐपत पडद्यानेच शिकवली.

रातपाळी
तुमच्या घरी किती आहेत?

आंबाडे
दोन. पण एक वडिलांची आहे.

घुमट
(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

वास्कोवाली
जीप, स्कूटर, बस. वास्कोत येऊन राहा एक आठवडा. तुळशीच्या पानावर बोट फिरवा, बोट काळं. मुलीचे पांढरे मोजे संध्याकाळी तळव्याला काळे, आणि ती शाळेत चालते तरी किती? वर्गापासून नळापर्यंत. बंदरावर कोळसा उतरतो आणि रेल्वेच्या उघड्या वाघिणींतून गावातून जातो. त्याच्यासाठी दुसरा रेल्वेमार्ग हवा म्हणून मोलेचं जंगल तोडायला निघाले होते. 2020 च्या नोव्हेंबरात चांदरला लोक रात्रभर रुळावर बसले. मी होते, नणंद होती, नणंदेची सासू होती, कुणीतरी पहाटे चहाची किटली आणली. 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने मोलेतल्या त्या दुपदरीकरणाची परवानगी रद्द केली. यावर कुणी सिनेमा काढला? रात्र, रूळ, हजारो माणसं, ढोल, मेणबत्त्या. नाट्य आयतं आहे. पण नाही, आम्ही म्हणजे पाव, फेणी आणि जीप.

कोथरूडचा भटक्या
आणि याच कोळशावर तुमच्या इलेक्ट्रिक गाड्या चार्ज होणार. हाहा. स्वच्छ ऊर्जा!

वास्कोवाली
माहिती नसेल तर हसू नये. इथला बराचसा कोळसा कर्नाटकातल्या पोलादाच्या भट्ट्यांसाठी जातो. गोव्याची वीज बाहेरून येते, कोरब्याहून, विंध्याचलहून.

कोथरूडचा भटक्या
बरं, वास्कोचा नाही, छत्तीसगडचा कोळसा. धूर आपल्या दारात नको, दुसऱ्याच्या चालेल. मुद्दा तोच राहिला.

थर्माकोल
अर्धाच राहिला. पेट्रोलच्या इंजिनात जळतं त्यातलं तीस टक्के चाकापर्यंत पोचलं तरी खूप, बाकीचं तापून जातं. मोटरमध्ये उलटं आहे. शिवाय वीज उद्या उन्हावर करता येते, तुमची जीप उन्हावर आणता येत नाही. पण भटक्याचं एक मान्य, कोळशाच्या विजेवर चालणाऱ्या गाडीला हिरवं पान चिकटवून मिरवणं ही दुसरी नाटकं. अमेरिकेत एका मोठ्या मोटर कंपनीने 2023 ला नेटफ्लिक्सशी ठरवून मालिकांत इलेक्ट्रिक गाड्या घुसवल्या. कालपर्यंत हिरो जाहिरात करून पेट्रोलची गाडी विकायचा, आता बॅटरीची विकतो. पात्र बदललं, दुकान तेच.

मांडवीकाठ
विकू दे ना! फुकटात पेट्रोल मिरवण्यापेक्षा बरं. मला तर वाटतं तरुण पोरांना...

चार पाव
तरुण पोरं म्हणालात म्हणून बोलतो. गेल्या मे महिन्यात माझी एक स्कूटर गिरीच्या वळणावर गेली. बावीस वर्षांचा मुलगा, मागे मित्र मोबाइल धरून. रील चाललेलं. हात सोडून उभा राहिला होता. मुलगा वाचला, पाय नाही वाचला. त्याचे वडील बेळगावहून आले, मला म्हणाले, तुम्ही त्याला गाडी दिलीच का? मी लायसन्स बघून, हेल्मेट देऊन दिली होती. पण मला उत्तर नाही आलं. ती स्कूटर परत नाही लावली भाड्याला. तेव्हा सिनेमा-रीलचं काहीच नाही असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की पणजीत बसून आम्हाला शिकवू नका.

मांडवीकाठ
मी पणजीत नाही, पर्वरीत राहतो.

घुमट
अरे देवा.

संपादक
पर्वरीवरचे तीन आणि पुण्यावरचे पाच प्रतिसाद काढले आहेत. वैयक्तिक होऊ नका.

कोथरूडचा भटक्या
पुण्यावरचे पाच! आमचा भाव चांगलाय. चला, तो वास-बिस जरा जास्त झाला, मान्य. जीपच्या मागच्या सीटवर बसलेल्याला तर धूरच लागतो, आणि चारांत मागे मीच होतो. पण पट्टीला माझा विरोध कायम. पट्टी बघून सिगारेट सोडलेला एक माणूस दाखवा.

रातपाळी
माझे काका. पट्टी बघून नाही, खोकला बघून.

चार पाव
एक सांगायचं राहिलं. 2023 ला घोषणा झाली होती की जानेवारीपासून भाड्याच्या नव्या गाड्या इलेक्ट्रिकच. मी घाबरून आधीच एक घेतली. पर्यटक येतात, बघतात, विचारतात, मोरजीहून दूधसागर करून परत येईल का? मी खरं सांगतो, मध्ये कुठेतरी चार्जिंगला थांबावं लागेल. मग पेट्रोलची घेऊन जातात. एक मुलगी म्हणाली, भैया, इसमें आवाज नहीं आती, रील में मजा नहीं आएगा. आता ती गाडी गोठ्याच्या बाजूला असते. आई तिच्यावरून दर सोमवारी देवळात जाते, आवाज नाही म्हणून कुत्री मागे लागत नाहीत म्हणते. वयाच्या सत्तरीत गाडी शिकली.

मांडवीकाठ
हा सिनेमा!

चार पाव
आईला सांगू नका, मेकअपला बसेल.

रातपाळी
ती गाडी महिन्याच्या भाड्याने द्याल का? माझ्या गावाहून डिचोलीवरून पणजी, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. ड्यूटीच्या ठिकाणी प्लग आहे, मी विचारून घेतलं.

चार पाव
साठ आरामात होतात. पण आईला विचारायला लागेल. सोमवारी ती देवळात जाते.