मदत हवी आहे: घरी जर्मनचे क्लासेस आणि तीन रेस्क्यू कुत्री, संध्याकाळचं कसं जमवू? (नाशिक)

नमस्कार मंडळी, लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच. जरा लांबलंय, पण प्लीज शेवटपर्यंत वाचा.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, सात वर्षं घरीच जर्मन शिकवतेय. सकाळी सातला एक ऑनलाइन बॅच आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ लागोपाठ दोन, आधी ए-वन (अगदी पहिली पातळी) मग बी-वन (मधली पातळी). २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला ना, तेव्हापासून नर्सिंग झालेल्या मुली, आयटीआयची मुलं खूप विचारत येतात. हौस म्हणून येणारं यात कुणी नाही, काहींच्या घरच्यांनी कर्ज काढलंय, परीक्षेला पुण्याला मॅक्सम्युलर भवनला जायचं असतं, त्यामुळे क्लास उगाच कॅन्सल करणं मला अजिबात पटत नाही.

घरात कुत्री तीन. भुऱ्या आणि चिकू धडधाकट आहेत, दोन वेळा फिरवलं, खायला घातलं की झालं. तिसरी राणी. दोन वर्षांपूर्वी पाथर्डी फाट्याजवळ तिला गाडीनं उडवलं, मणक्याला मार बसला आणि मागचे पाय गेले. तिला लघवी आपली आपण होत नाही, पोटाच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी हात लावून हळूहळू दाबून काढावी लागते, दिवसातून चार वेळा. उशीर झाला की पिशवी तटतटून भरते, मग थेंब थेंब गळत राहतं, वरून वाटतं झाली लघवी पण आतमध्ये साठलेलीच असते आणि तिथूनच इन्फेक्शन होतं. मार्चपासून दोनदा झालंय. दुसऱ्या वेळी लघवीतून रक्त, ताप, खाणं बंद, मी रात्रभर तिच्यापाशी बसून होते आणि सकाळी सातला लॅपटॉप उघडला तर समोर काय शिकवतेय तेच कळेना.

दुपारी दोनला एकदा काढते, पुढची वेळ येते आठला, म्हणजे ऐन बी-वनच्या मध्ये. त्यात ओझर, देवळालीहून येणारी मुलं द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकतात, ती आली की राहिलेलं परत सांगायचं, क्लास नऊ-सव्वानऊपर्यंत जातो. मध्येच दहा मिनिटं उठले तर मुलांचा वेळ जातो, नाही उठले तर राणीचे हाल. साडेपाचच्या आधी काढून बघितलं, पण तेव्हा पिशवी पुरेशी भरलेली नसते, नीट हाताला लागत नाही.

बरं, बाकीचे दोघंही आहेतच. बी-वनच्या ऐकण्याच्या पेपरात मधले दोन भाग एकदाच ऐकवतात, मी सरावालाही एकदाच लावते, आणि नेमकं तेव्हाच खाली कुणीतरी बाइक लावतं आणि भुऱ्या सुरू होतो. परीक्षा तोंडावर असलेल्या मुलीचा चेहरा बघवत नाही तेव्हा. मागच्या महिन्यात तर चिकूचं नख खेळता खेळता एका विद्यार्थ्याच्या हाताला लागलं, थोडं रक्त आलं. लगेच पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुतलं, चिकूचं लसीकरण कार्ड दाखवलं, तरी मी स्वतःच त्याला दवाखान्यात नेलं आणि इंजेक्शनं सुरू केली, रेबीजच्या बाबतीत मी कुणालाही ‘काही होत नाही’ म्हणणार नाही. त्याच्या आईनं समजून घेतलं पण आता तो येत नाही. तेव्हापासून क्लासच्या वेळी तिघंही बेडरूममध्ये बंद असतात, आणि तीन तास बंद राहिली की दार ओरबाडतात.

बॅच आधी घेऊ म्हटलं तर नर्सिंगच्या मुलींची ड्युटी असते. सगळंच ऑनलाइन करावं तर बी-वनला चालेल, पण ए-वनला उम्लाउटसाठी (ä, ö, ü हे स्वर) ओठांचा आकार समोर बसून दाखवला नाही तर उच्चार कायमचे बिघडतात, हा माझा अनुभव आहे. बाहेर खोली भाड्यानं घेतली तर राणी एकटी पडेल. नवऱ्याची अंबडला शिफ्ट असते, आठवडाआड तोही नसतो. सासूबाई सत्तरीच्या आहेत, राणीवर त्यांचा फार जीव आहे, पण हातात तेवढा जोर नाही.

तर विचारायचं हे आहे की अशा कुत्र्याची लघवी काढायला तुमच्यापैकी कुणी बाहेरच्या माणसाला शिकवलंय का? किती दिवसांत हात बसला, आणि कुत्र्यानं परक्याला हात लावू दिला का? मला रोज संध्याकाळी फक्त अर्धा तास कुणी हवंय, पैसे देईन, इंदिरानगर, सिडको, पाथर्डी फाटा कुठूनही चालेल, व्हेटरनरीचे विद्यार्थी किंवा कंपाउंडर असतील तर उत्तमच. दुसरं म्हणजे बंद खोलीत भुंकणं आणि दार ओरबाडणं कशानं कमी झालं ते सांगा, चघळायला हाडं, काँग (आत खाऊ भरायचं रबरी खेळणं), रेडिओ सगळं करून झालंय.

‘राणीला शेल्टरला दे’ हे कृपया सुचवू नका. ती माझ्याकडेच राहणार आहे. काल गेटपाशी दीड महिन्याचं पिल्लू आलं होतं, त्याला मी पहिल्यांदा नाही म्हटलं, दुसऱ्या एकीकडे पाठवलं, ते अजून डोक्यातून जात नाहीये.

नवी ए-वन बॅच एक तारखेपासून आहे, त्याआधी काहीतरी ठरवावंच लागेल. राणीचे रिपोर्ट बघायचे असतील तर सांगा, टाकते.