साहेब येणार म्हणून क्रूने, म्हणजे शिपवरच्या कामगारांनी, झोप का सोडायची?

माजी_वेटर
काल इथे ‘हॉटेलवाला_पुणे’ यांनी लिहिलं, “क्रूझवर कंपनीचे बडे साहेब आले की क्रूला शिस्त लागते, तक्रार करतात ते कामचोर.” रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना.

मायामीहून सुटणाऱ्या शिपवर मी सहा कॉन्ट्रॅक्ट केली, असिस्टंट वेटर म्हणून. साहेब येणार हे आठवडाभर आधी कळायचं. क्रू मेसच्या, म्हणजे आमच्या जेवणघराच्या, बोर्डावर त्यांचे फोटो लागायचे, ते नावानिशी पाठ करायचे. आदल्या रात्री दुसरी सीटिंग, म्हणजे जेवणाची दुसरी पंगत, आवरून साडेअकराला सुटलो, की साइड जॉब. पॅन्ट्रीतल्या लाद्यांच्या फटी ब्रशने घासायच्या. एकदा अडीचला खाली आलो, तर आय-95 वर, म्हणजे क्रूच्या मोठ्या बोळात, रंगकाम चाललेलं. भिंती ओल्या, म्हणून आम्ही सगळे अंग चोरून एका रांगेत चाललोय. सकाळी सहाला परत ब्रेकफास्टला उभा.

नोंदीत मात्र माझी ड्युटी साडेअकरालाच संपलेली. एमएलसी म्हणजे खलाशांच्या कामाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या नियमाने 24 तासांत किमान 10 तास विश्रांती हवी, फार तर दोन तुकड्यांत, आणि त्यातला एक सलग 6 तासांचा. कागदावर नियम पाळला गेला, मी झोपलो जेमतेम तीन तास.

साहेब मेसमध्ये दहा मिनिटं आले. त्या दिवशी टेबलांवर पांढऱ्या चादरी, ताटात कोळंबी. मला विचारलं, सगळं ठीक ना? त्यांच्या मागे हॉटेल डायरेक्टर, म्हणजे शिपवरचा आमचा वरिष्ठ, उभा होता. मी म्हटलं, ठीक. ते खोटं अजून सलतं.

हॉटेलवाला_पुणे
‘कामचोर’ हा शब्द मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही. 22 वर्षं हाउसकीपिंगमध्ये काढली. मालक येणार म्हटलं की आम्हीही दोन-दोन रात्री घरी जात नाही. पाहुणे यायचे असले की घरची जळमटं काढतोच ना आपण? डॉलरमध्ये पगार घ्यायचा आणि दोन जास्तीचे तास जड जातात?

माजी_वेटर
तिसऱ्या रात्री तुम्ही घरी जाता. आमचं कॉन्ट्रॅक्ट आठ महिन्यांचं आणि त्यात आठवड्याची सुट्टी नाही. आज झोप बुडाली तर ती भरून काढायला रविवार येत नाही. डॉलरचं नेहमी काढता, तासांनी भागून बघा एकदा.

इंजिनरूम_रत्नागिरी
मी वेटरदादाच्या विरुद्ध बोलणार. साहेब आलेच पाहिजेत. आमच्या क्रू लॉन्ड्रीत चारातले दोन ड्रायर तीन महिने बंद होते. ओले बॉयलर सूट केबिनमध्ये दोरीवर, सगळीकडे कुबट वास. भेटीची तारीख लागली आणि दोन दिवसांत दोन्ही ड्रायर सुरू.

माजी_वेटर
ड्रायरचं मान्य, तेवढं मिळतं. पण दोन दिवसांत झालं म्हणजे पार्ट शिपवरच होता, तीन महिने कोणी हात लावला नाही. यूएसपीएचवाले, म्हणजे अमेरिकेच्या आरोग्य खात्याचे स्वच्छता तपासणारे, न सांगता चढतात, 100 पैकी 85 किंवा कमी गुण पडले की शिप नापास. साहेबांनीही तसंच यावं. रात्री एक वाजता, मागच्या जिन्याने.

वेंगुर्ल्याची_आई
मुलं साहेबांसमोर का बोलत नाहीत, ते मी सांगते. माझ्या मुलाच्या नोकरीसाठी एजंटाने 2,40,000 रुपये घेतले. सोसायटीचं कर्ज आहे, वर्षभर हप्ते. तो कशाला तोंड उघडेल? परत पाठवला तर?

हॉटेलवाला_पुणे
एजंटाला पैसे देणं हीच मुळात चूक. शिकली-सवरलेली माणसं फसतात कशी?

वेंगुर्ल्याची_आई
तुम्ही आमच्या घरी आला होतात का बघायला? दोन वर्षं मुलगा गोव्यात हॉटेलात दहा हजारांवर राबत होता. एजंटाने सांगितलं, उद्यापर्यंत पैसे नाहीत तर जागा दुसऱ्याची. चूक माझी म्हणताय आणि घेणाऱ्याबद्दल एक शब्द नाही तुमच्याकडे!

इंजिनरूम_रत्नागिरी
पुणेकर, हे बरोबर नाही बोललात. ताई, एमएलसी भारताने 2015 मध्ये मान्य केलंय. नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायलाच बंदी आहे. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदणी पुस्तक) आणि मेडिकलचा खर्च आपला, व्हिसाचा मात्र जहाजमालकाचा. एजंटाकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं सरकारी लायसन्स आहे का? तक्रार मुंबईत कांजूरमार्गला डीजी शिपिंगकडे, म्हणजे केंद्राच्या जहाज खात्याकडे, करता येते.

हॉटेलवाला_पुणे
ताई, बोललो ते चुकलं. व्हिसाचं मला माहीत नव्हतं. पण धागा साहेबांच्या भेटीचा होता, एजंटांचा नाही.

माजी_वेटर
असू दे, ताईंना आधी विचारू. मीही त्या दिवशी ‘ठीक’ म्हटलं तेव्हा माझे सात हप्ते बाकी होते. ताई, पावती आहे?

वेंगुर्ल्याची_आई
पावती नाही दिली. दोनदा रोख, एकदा बँकेतून. पासबुकात नोंद आहे, पण नाव त्याच्या बायकोचं.

इंजिनरूम_रत्नागिरी
त्या पानाचा फोटो आजच काढून ठेवा. आणि मुलाकडून कराराची प्रत मागवा, आरपीएसएल नंबर कोणाचा आहे ते बघू.