प्रतिसाद: मन साफ असलं की पुरतं?

‘माणूस सचोटीचा असेल तर आचारसंहिता हवी कशाला’ हा इथल्या चर्चेतला मुद्दा मला पटत नाही. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत रंगकामाची कोटेशन्स आली. लखोटे क्लबहाउसच्या टेबल टेनिसच्या टेबलावर सगळ्यांसमोर फोडले. सर्वात कमी दर निघाला सेक्रेटरींच्या पत्नी भागीदार असलेल्या फर्मचा. सेक्रेटरी सरळ माणूस, कुणाच्या एका चहाचे मिंधे नाहीत. सोसायटीचे पैसे वाचतायत, यात वाईट काय, हा त्यांचा सवाल मनापासून होता. पण एका निवृत्त बँकवाल्या काकांनी उपविधींचं, म्हणजे सोसायटीच्या नियमांचं, पुस्तक काढून दाखवलं: सोसायटीच्या कंत्राटात पदाधिकाऱ्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असता कामा नये. तुमचं मन साफ आहे का, हे ते कलम विचारतच नाही. उद्या रंगाचे पोपडे निघाले तर बिल अडवणार कोण, एवढाच त्याचा प्रश्न. काम दुसऱ्याला गेलं, जास्त दराने. सेक्रेटरी दुखावले ते दुखावलेच.

आता याच्या उलट बाजू, जी इथे कुणी मांडलेली नाही. त्याच कमिटीने कामवाल्या मावशींनी फक्त सामानाची लिफ्ट वापरावी असा ठराव केला. नोटीस वेळेवर, कोरम पूर्ण, इतिवृत्तावर सह्या. हितसंबंध कुणाचाच नाही, कागदावर बोट ठेवायला जागा नाही. तिथे काकांचं पुस्तक काही कामाचं नव्हतं. विरोधात हात वर झाला तो एकट्या सेक्रेटरींचा.